पानाभोवतीचं पाणी

आधीच सांगते, या ग्रुपवर मी आजवर फक्त वाचायला यायचे, तेही टाइमपास म्हणून. भुतंखेतं, भास, संकेत… माझा कशावरच विश्वास नव्हता. आता आहे, असंही म्हणवत नाही. पण हे कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाहीये.

मी इकडे अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या पार्सिपनीला राहते. माझा नवरा सुधीर गेल्या हिवाळ्यात झोपेतच गेला. रिटायर झाल्यावर कॅम्पर व्हॅन घेऊन उत्तरेकडच्या जंगलांत भटकायचं, हे त्याचं वेड. व्हॅनमधली फळी न् फळी त्याने स्वतः बसवलेली. मी नाकं मुरडायचे — "त्या डब्यात मी झोपणार नाही हं!"

आणि आमचा म्हातारा लॅब्राडॉर, बंड्या. सुधीर जेवायला बसला की पानाभोवती पाणी फिरवायचा आणि बाजूला भाताची चार शितं ठेवायचा. डावखुरा, त्यामुळे सगळं डाव्या हाताने, शितंही डावीकडेच. सासूबाई शेवटपर्यंत ओरडत राहिल्या, हा हसत राहिला. बंड्या समोर बसून बघायचा. पाणी फिरवून झाल्याशिवाय स्वतःच्या ताटलीला तोंड लावायचा नाही. आम्हाला मोठी गंमत वाटायची.

सुधीर गेला आणि बंड्याचं खाणं तुटलं. मी पाणी फिरवून पाहिलं, हाताने भरवून पाहिलं… माझं मन राखायला घासभर खायचा, बस. व्हेट म्हणाली, रिपोर्ट्स नॉर्मल आहेत, पण असंच चाललं तर हा फार दिवस काढणार नाही. सुधीरनंतर त्या घरात मला दुसरं होतं कोण? व्हॅनला अजून सुधीरचा वास येतो, निदान त्या वासाने तरी खाईल, म्हणून बंड्याला घेऊन एकटीच निघाले. आमची लेक रेवा कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटहून फोनवर ओरडली, "आई, आर यू क्रेझी? तू साधं फ्रीवेवर ड्राइव्ह करत नाहीस!"

मिशिगनच्या अगदी वरच्या टोकाला, लेक सुपीरियरच्या काठी, सुधीरने मॅपवर खूण करून ठेवलेली जागा. सीझन संपलेला. भर दुपारचं लख्ख ऊन, आणि आसपास चिटपाखरू नाही. बंड्याने आदल्या दिवसापासून काहीच खाल्लं नव्हतं. मी वरणभात केला, बंड्याची ताटली खाली ठेवली आणि बाहेरच्या लाकडी टेबलावर पानं वाढली — दोन. सवयीने. लक्षात आलं, पण ते दुसरं पान उचलवेना. तूप आणायच्या निमित्ताने व्हॅनमध्ये गेले आणि तिथेच उभी राहून पोटभर रडले.

डोळे पुसून बाहेर आले, तर बंड्या खात होता. ताटलीत नाक खुपसून, शेपटी हलवत, अगदी पूर्वीसारखा.

टेबलावर सुधीरच्या पानाभोवती पाण्याची रेघ होती. ओली. बाजूला भाताची चार शितं. डावीकडे.

मला भीती वाटली नाही, खरंच. मी त्याच्या पानावर तूप वाढलं, समोर बसले आणि म्हटलं, "वरणात मीठ कमी पडलंय बहुतेक, सांभाळून घे." ती रेघ उन्हात वाळेपर्यंत तिथून हलले नाही.

रेवा म्हणते, "आई, तूच केलं असशील. ग्रीफमध्ये होतं असं." असेलही. पण मी उजव्या हाताची आहे, आणि त्या दुपारी मी पाणी फिरवलेलं मला आठवत नाही. काय होतं ते, मला खरंच माहीत नाही.

आता घरीही मी दोन पानं वाढते. बंड्या सुधीरच्या खुर्चीकडे क्षणभर बघत बसतो, मग निवांत खायला लागतो. रोज, न चुकता. मी लगेच त्या पानाभोवती हात फिरवून बघते.

टेबल कोरडं असतं. बंड्याला दिसतं ते मला दिसत नाही.