आधी आभार, मग भाषण

मी राज्यशास्त्र विभागात रुजू झाले तेव्हा तिथली सगळ्यात नवी प्राध्यापिका मीच होते, आणि नव्या माणसाकडे आभारप्रदर्शन सोपवायचं हा विभागाचा अलिखित नियम होता. आभार कुणी ऐकत नाही, त्यामुळे त्यात फारसं काही बिघडू शकत नाही, असा त्यामागचा विचार असावा. पहिल्याच वर्षी मी तो खोटा ठरवला.

पुण्याचे एक मोठे प्राध्यापक 'विरोधी पक्ष कशाला हवा?' या विषयावर व्याख्यान द्यायला येणार होते. आमच्या विभागप्रमुखांनी दोन महिने पाठपुरावा करून त्यांचा होकार मिळवला होता. प्रमुख नरखेडकडचे, घरी संत्र्याची बाग. एरवी अगदी पुस्तकी मराठी बोलायचे, पण संकट आलं की ती गळून पडायची आणि आतली वऱ्हाडी बाहेर यायची. त्यांच्या तोंडून 'मला'ऐवजी 'मले' ऐकू आलं, की विभागात काहीतरी बिघडलंय हे आम्ही ओळखायचो.

त्या दिवशी सकाळी साडेदहालाच त्यांचं 'मले' सुरू झालं. पाहुण्यांची गाडी आठला यायची होती आणि ती अजून वर्ध्याच्याही पलीकडे कुठेतरी उभी होती. कार्यक्रम अकराचा. सभागृह भरलेलं, कारण जेवणात वडाभात आहे ही बातमी इतर विभागांपर्यंतही पोहोचली होती. अध्यक्ष म्हणून एक निवृत्त प्राचार्य येऊन बसले होते. शहरात कुठल्याही विषयाच्या कार्यक्रमाला त्यांना अध्यक्ष म्हणून बोलावत. दुपारी रामटेकला त्यांचं आणखी एक अध्यक्षपद होतं, म्हणून साडेबाराला निघणं त्यांना भाग होतं. आणि आचाऱ्याने निरोप पाठवला होता की एक वाजल्यानंतर वड्यांची जबाबदारी तो घेणार नाही.

प्रमुखांनी मला दाराबाहेर बोलावलं. "मॅडम, पाहुणे नाहीत. पण बाकी सगळं आहे न?"

"हो सर."

"मंग बाकी सगळं करून टाकू. प्रास्ताविक, परिचय, आभार, अध्यक्षीय समारोप, जेवण. पाहुणे आले की भाषण. मले सांगा, याच्यात सुटलं काय?"

मी मनात यादी तपासली. सुटलं काहीच नव्हतं. शिवाय माझी नोकरी अजून कायम व्हायची होती.

प्रमुखांनी प्रास्ताविक केलं, एका सहकाऱ्याने न आलेल्या पाहुण्यांचा सविस्तर परिचय करून दिला, आणि माझं नाव पुकारलं गेलं. मी आभार आठ दिवस आधी लिहून तोंडपाठ केले होते. वाक्यं भूतकाळातली होती आणि ऐन वेळी त्यांचा काळ बदलणं मला काही जमेना. "आपल्या ओघवत्या वाणीने आपण आम्हाला तासभर खिळवून ठेवलंत," असं मी व्यासपीठावरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून म्हणाले. त्याच वेळी समोर ठेवलेल्या माझ्या फोनवर संदेश उमटला, की गाडी आत्ता सिंदीला पोहोचली, म्हणजे ती अजून निदान तासभर लांब होती. मी घाबरून पुढचं वाक्य जरा मोठ्याने म्हटलं, "आपण आज इथे आलात, हे आमचं भाग्य!" मुलांनी टाळ्यांचा असा कडकडाट केला की मला क्षणभर खरंच आपलं छान चाललंय असं वाटलं.

त्या टाळ्यांनी अध्यक्ष जागे झाले.

परिचय सुरू असतानाच त्यांचा डोळा लागला होता, हे आमच्या कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. एवढ्या टाळ्या ऐकून व्याख्यान संपलं असा त्यांचा समज झाला. समोर पाहुण्यांनी पाठवलेला व्याख्यानाचा अर्ध्या पानाचा सारांश पडला होता. त्यावर त्यांनी अर्धवट झोपेतच नजर फिरवली, चष्मा सावरला आणि ते माईकसमोर उभे राहिले.

"आत्ताच्या वक्त्यांचं मी मनापासून अभिनंदन करतो," ते म्हणाले. "पण मी त्यांच्याशी सहमत नाही."

पहिल्या रांगेतल्या प्रमुखांचा हात कपाळाकडे गेला.

"वक्ते म्हणाले, विरोधकांनी सभात्याग करावा. मी विचारतो, का करावा? घर सोडून जाणाऱ्याला घरात मान मिळतो का?"

प्रमुखांनी घाईघाईने चिठ्ठी लिहिली. त्यात काय होतं ते मी पाहिलं होतं, कारण ती नेऊन द्यायचं काम माझंच होतं. 'पाहुणे अजून यायचे आहेत.' अध्यक्षांनी चिठ्ठी उघडली, न वाचताच घडी घालून खिशात ठेवली आणि म्हणाले, "वेळ संपत आल्याची सूचना आली आहे, पण विषय महत्त्वाचा आहे." मग त्यांनी आणखी पंचवीस मिनिटं, अजून रेल्वेत बसलेल्या माणसाचा एकेक मुद्दा खोडून काढला. शेवटी "वक्ते तरुण आहेत, शिकतील," असं म्हणून ते रामटेकला निघून गेले.

पाहुणे पावणेदोनला आले. वय साठीच्या आसपास, चुरगळलेला सदरा, पहाटेपासून पोटात फक्त गाडीतला चहा. व्हरांड्यात मुलं ताटं घेऊन उभी होती. वड्यांचा वास नाकात गेल्यावर त्यांचा चेहरा उजळला, पण प्रमुखांनी त्यांचा हात धरला. "सर, आधी भाषण. जेवून झालेली पोरं पळून जाऊन राहिली."

अर्धी मुलं ताटासकटच आत आली. पाहुणे व्यासपीठावर उभे राहिले आणि म्हणाले, "आज मी तीन मुद्दे मांडणार आहे."

पहिल्या रांगेत मौद्याची एक विद्यार्थिनी बसली होती. दोन वेण्या, मांडीवर जाड वही. अध्यक्षांचं भाषण शब्दन् शब्द उतरवून घेणारी सभागृहात ती एकटीच होती. ती उभी राहिली.

"सर, तुमचा दुसरा मुद्दा खोडून झाला आहे."

"कुठला दुसरा मुद्दा?"

"सभात्यागाचा. तुम्ही म्हणता विरोधकांनी बाहेर जावं. अध्यक्षांनी त्यावर चार आक्षेप घेतले. वाचून दाखवू का?"

"अहो, मी तर सभात्यागाच्या विरोधात आहे! आणि मी अजून बोललो कुठे?"

मुलगी वही चाळत होती. "मग सर, मॅडमनी तुमचे आभार काहून मानले?"

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मला वाटलं, खुर्चीसकट जमिनीत जावं. पाहुण्यांनी प्रमुखांकडे बघितलं, प्रमुखांनी छताकडे बघितलं, आणि मग नाइलाजाने घडलेलं सगळं सांगून टाकलं. आभार झाले. समारोप झाला. विरोधही झाला. फक्त भाषण राहिलं.

पाहुण्यांचा चेहरा लाल झाला. "मी रात्रभर प्रवास करून आलो आणि इथे माझ्या गैरहजेरीत माझा पराभव झाला? हा अपमान आहे. असल्या सभेत मी एक क्षणही थांबणार नाही!" त्यांनी कागद पिशवीत कोंबले आणि ताडताड दाराबाहेर निघून गेले.

मौद्याच्या मुलीने वहीत काहीतरी लिहिलं.

बाहेर पायऱ्यांपाशी आमच्या विभागातल्या मावशी वाढायला उभ्या होत्या. आत काय झालं याची त्यांना कल्पना नव्हती. एक दमलेला माणूस बाहेर आलेला त्यांना दिसला, एवढंच. "या न भाऊ, बसा," म्हणून त्यांनी भात वाढला, त्यावर वडे कुस्करले, वरून फोडणीचं गरम तेल सोडलं आणि ताट त्यांच्या हातात दिलं. पाहुण्यांनी एकदा फाटकाकडे बघितलं, एकदा ताटाकडे बघितलं, आणि ते पायरीवर बसले.

मी माफी मागायला धावत गेले, पण ती मुलगी माझ्या आधी पोहोचली.

"सर, एक विचारू? हा सभात्याग झाला न?"

पाहुण्यांचा घास हातातच राहिला. मला वाटलं आता ताट फेकतात. पण त्यांचे खांदे हलायला लागले, आणि मग ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. मावशींना पाण्याचा पेला घेऊन धावावं लागलं. "पोरीले दम नाही वं," त्या मुलीवरच ओरडल्या, "खाऊ दे न त्याहिले!"

"नाही, नाही, बस इथे," पाहुणे डोळे पुसत म्हणाले. "वाच ते चार आक्षेप."

तिने वाचले. पहिला आक्षेप त्यांना मान्यच झाला. दुसऱ्यावर ते दोघं वाद घालत असताना आतली मुलं एकेक करून बाहेर आली आणि पायऱ्यांवर बसली. कुणीतरी म्हणालं की आमच्या ग्रामसभेत सरपंच विरोधकांना बोलूच देत नाही, मग बाहेर न जाऊन करायचं काय? पाहुण्यांनी त्याला उलटे प्रश्न विचारून बेजार केलं, त्यानेही त्यांना सोडलं नाही. मीही एकदा हात वर केला. साडेचार वाजले तेव्हा त्यांचे तीन मुद्दे मांडायचे राहूनच गेले होते आणि कुणाला त्याची आठवणही नव्हती. प्रमुख सगळ्यात वरच्या पायरीवर पाय पोटाशी घेऊन बसले होते. त्यांची भाषा पुन्हा पुस्तकी झालेली ऐकून मला हायसं वाटलं.

पुढच्या बुधवारी ती मुलगी माझ्या खोलीत आली आणि म्हणाली, मॅडम, पायऱ्यांवर बसायचं का? तेव्हापासून बुधवारी चारला आम्ही बसतो. ती मुलगी पास होऊन गेली, आता दुसरी मुलं येतात. पाहुणा नसतो, हार नसतो, माईक नसतो. कधी वीसजण असतात, कधी पाचजण आणि एक झोपाळू कुत्रा. प्रमुख चहाचा कप हातात घेऊन दाराशी येतात, आपल्याला अजिबात वेळ नाही असं प्रत्येक वेळी सांगतात, आणि उभ्याउभ्याच एखाद्याचं म्हणणं खोडायला लागतात. कप रिकामा झाला तरी त्यांचं बोलणं काही संपत नाही.