मुकी लिफ्ट
हायड्रॉलिक तेलाचा वास आला की मला डब्याची पिशवी आठवते. कारंजा गावाजवळच्या आमच्या संत्र्याच्या बागेतल्या छोट्या ट्रॅक्टरला मी हायड्रॉलिक लिफ्ट बसवली, आणि हुशारी अशी की जमीन उकरणारा दातेरी कल्टिवेटर हाताने उचलायचा जुना दांडा, तो वर अडकवून ठेवणाऱ्या खिट्टीसकट, त्याच दिवशी भंगारात देऊन टाकला. दांडा कटकट करायचा. ही लिफ्ट मुकी. "पाह्य ना बे, आवाज तरी येते का?" मी धाकट्या भावाला ऐटीत म्हणालो. तो उचललेल्या कल्टिवेटरखाली आडवा होऊन दात्यांत गुंतलेली ठिबकची नळी सोडवत होता. झाडाचं पानही हलत नव्हतं. बायकोनं डब्याची पिशवी कल्टिवेटरलाच अडकवली होती, वीतभर अधांतरी. मी लिफ्टचे गुण गात होतो आणि ती नुसती पिशवीकडे पाहत होती. "आवो, पिशवी जमिनीले टेकली," ती हळूच म्हणाली. मला वाटलं, मुंग्यांचं म्हणते. "टेकू दे ना." तिनं दिराचे पाय धरले आणि त्याला फरफटत बाहेर ओढलं. गळणाऱ्या तेलाचा वास मला तेव्हा आला. भाऊ जिथं झोपला होता तिथंच दाते मऊ मातीत शिरले, त्यानं अंगाखाली अंथरलेल्या दुपट्ट्यातून आरपार, अगदी मुकाट्यानं. आता कल्टिवेटरखाली लोखंडी टेकण लावल्याशिवाय आमच्याकडे कुणी वाकत नाही. पण त्या दिवशी घरी ताट वाढता वाढता बायको म्हणाली, "लिफ्ट चांगली हाय जी. उद्या तुमी झोपा खाली, मी ऐकते आवाज येते का."