त्याला नेलं

शुक्रवारी दुपारी युनिव्हर्सिटीच्या फिल्म विभागातल्या प्राध्यापिकेचा फोन आला, तेव्हा मी लायब्ररीत नवीन आलेल्या रशियन पुस्तकांच्या नोंदी करत होते. रविवारी दुपारी त्यांना एक जुना सोव्हिएत सिनेमा दाखवायचा होता. प्रिंटवर सबटायटल्स नव्हती. माइकवर बसून इंग्रजीत संवाद सांगणारा विद्यार्थी फ्लूने आडवा झाला होता.

"तुम्ही कराल का?" तिने विचारलं.

"मी हा सिनेमा बघितलेला नाही."

"फारसा कोणीच बघितलेला नाही," ती म्हणाली.

सिनेमा तयार झाला, एका शहरात चार दिवस चालला, मग वरच्या कुणाला तरी खटकला आणि वीस वर्षं कपाटात पडून राहिला. ही प्रिंट एका संग्रहालयातून आठवड्यापुरती आली होती. रिळं इतकी जुनी की दोनदाच चालवायची परवानगी होती, रविवारी आणि गुरुवारी. म्हणजे आधी बघून घ्यायची सोय नाही.

मी हो म्हटलं. पुण्यात कॉलेजात असताना मी रशियन शिकले ती निम्मी वर्गात आणि निम्मी शनिवारी सकाळी दाखवल्या जाणाऱ्या सोव्हिएत सिनेमांतून. नंतर लग्न, नवऱ्याची नोकरी, अमेरिकेतलं ॲन आर्बर. आता माझी रशियन पुस्तकांच्या मुखपृष्ठांपुरती उरली होती. कुणीतरी तिच्याकडून जास्त काहीतरी मागितलं, याचाच मला मोह झाला असावा.

घरी येऊन विभागाने पाठवलेले संवादांचे कागद उघडले. सहा रिळांपैकी तिसऱ्या आणि चौथ्या रिळाची पानंच नव्हती. प्राध्यापिकेला फोन केला. "त्या भागात फार बोलणं नाही असं ऐकलंय," ती म्हणाली. "तेवढं ऐकून सांगाल ना?"

दोन दिवस मी डायनिंग टेबलावरून उठले नाही. गोष्ट साधी होती. एका छोट्या गावातल्या पोस्टात तारा पाठवणारी बाई आणि तिची दहा वर्षांची मुलगी. वडील घरात नाहीत. पहिल्याच रिळात शेजारीण विचारते, "तुझा नवरा?" आणि बाई म्हणते, "येवो झाब्राली." त्याला नेलं. एवढंच. सैन्यात भरती केलेल्या माणसाबद्दल रशियनमध्ये हेच म्हणतात. भिंतीवर लष्करी टोपीतला फोटो असल्याचंही कागदावर लिहिलं होतं. मी समासात लिहून टाकलं, 'ही वॉज ड्राफ्टेड'.

"आई, यू विल बी फाइन," माझी मुलगी शिकागोहून फोनवर म्हणाली. "फक्त फास्ट बोलू नकोस."

रविवारी हॉलमध्ये शंभरेक माणसं होती. बरेचसे विद्यार्थी, मागे सायकलची हेल्मेटं मांडीवर घेतलेले काहीजण आणि तिसऱ्या रांगेत कडेला एक म्हातारी बाई, डोक्याला लोकरी रुमाल, कोट न काढता बसलेली. मला शेवटच्या रांगेत एक टेबल, छोटा दिवा आणि माइक दिला होता.

पहिली दोन रिळं नीट गेली. वाक्य ऐकायचं, कागदावर बोट ठेवायचं, शांतपणे सांगायचं. 'ही वॉज ड्राफ्टेड' हेही मी सांगितलं.

तिसरं रीळ सुरू झालं आणि हाताखालचा कागद संपला.

पडद्यावर बर्फ होतं. आई आणि मुलगी एका लांब रांगेत उभ्या होत्या. रांगेत सगळ्या बायका, प्रत्येकीच्या हातात कापडात शिवलेलं गाठोडं. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. रांग पुढे सरकली की बुटांचा आवाज यायचा, बस्स. मी कान ताणून बसले होते, आणि ऐकायला काही नव्हतं. माझ्या पुढच्या रांगेतला एक मुलगा शेजारणीला कुजबुजला, "ती स्वतः पोस्टात काम करते ना? मग पार्सल पाठवायला इथे का उभी आहे?"

भिंतीतली छोटी खिडकी उघडली. बाईने नाव सांगितलं. आतून पानं उलटल्याचा आवाज आला. मग एका पुरुषाचा आवाज, "असा कोणी नाही." गाठोडं परत बाहेर आलं आणि खिडकी बंद झाली.

मी ते वाक्य सांगितलं आणि सांगता सांगताच मला उमगलं. हे पोस्ट नव्हतं. तो तुरुंग होता, आणि ती आतल्या माणसांसाठी कपडे-खाणं देण्याची रांग. नवरा सैन्यात गेला नव्हता, त्याला रात्रीतून उचललं होतं. अटक झालेल्या माणसाबद्दलही रशियनमध्ये हाच शब्द वापरतात, नेलं. आणि मी शंभर माणसांना चुकीचा सिनेमा दाखवत होते.

मला हे कळायला हवं होतं. आणीबाणीत मी सात वर्षांची होते. समोरच्या बिल्डिंगमधल्या काकांना नेलं, असं घरात सगळे हळू आवाजात म्हणायचे. "ऑपरेशन आहे का?" असं मी विचारलं होतं, कारण आजीला नेलं होतं ते हॉस्पिटलमध्येच. आईने उत्तर न देता माझ्या पानात भात वाढला होता.

पडद्यावर मायलेकी परत चालत निघाल्या होत्या. पुढचा संवाद कधी येईल माहीत नव्हतं. दहा सेकंदांनी किंवा आत्ता. गप्प राहावं की सांगावं? माझा हात माइकवर गेला.

"एक दुरुस्ती," मी इंग्रजीत म्हटलं. माझाच आवाज मला फार मोठा वाटला. "वडील सैन्यात गेले असं मी आधी सांगितलं, ती माझी चूक. त्यांना अटक झाली आहे."

तिसऱ्या रांगेतली म्हातारी पूर्ण मागे वळली आणि अंधारात माझ्या दिव्याकडे बघत रशियनमध्ये स्पष्ट म्हणाली, "नका. असं करू नका."

लोक तिच्याकडे, मग माझ्याकडे बघायला लागले. तेवढ्यात मुलगी पडद्यावर काहीतरी बोलली, ते माझं हुकलं. आईचं उत्तरही हुकलं. चौथं रीळ मी कसं ओढलं ते मला सांगता येणार नाही. पाचव्याचे कागद हाताखाली आले तेव्हा घसा कोरडा पडला होता आणि पाण्याची बाटली उघडायची सोय नव्हती, कारण माइकमधून आवाज गेला असता.

दिवे लागल्यावर मी मुद्दाम उशीर केला. बाहेर आले तर ती म्हातारी दाराशी उभी होती. आता ही ओरडणार, असं वाटलं. ती हळू बोलली, त्याचा जास्त त्रास झाला.

"ते 'त्याला नेलं' तसं का लिहिलंय, माहीत आहे तुम्हाला?"

"सेन्सॉरमधून सुटावं म्हणून," मी म्हटलं.

"तेवढंच नाही. चार दिवस चालला ना, तेव्हा मी बघितलाय हा. आईबरोबर. मला वाटलं, त्या मुलीचे बाबा लढाईवर गेलेत. माझे बाबाही लढाईवर गेले आणि परत आले नाहीत, असंच मला सांगितलेलं होतं. मग ती खिडकी आली." ती थांबली. "आईने माझ्याकडे बघितलं नाही. मीही तिच्याकडे बघितलं नाही. घरी जाईपर्यंत आम्ही बोललो नाही. पण मला कळलं होतं, आणि मला कळलंय हे तिला कळलं होतं."

मी म्हटलं, "पण इथल्या लोकांना संदर्भ माहीत नाही. मी आधीच चुकीचं सांगून बसले होते."

"चुकलात, ते ठीक. पण मग गप्प बसायचं. मी अकरा वर्षं ते खरं मानून जगले. ह्यांना स्वतःहून कळायला आणखी दहा मिनिटं जड झाली असती?"

बाहेर बर्फ भुरभुरत होतं आणि तिच्या बसला वेळ होता, म्हणून मी तिच्यासोबत स्टॉपपर्यंत चालले. वाटेत तिने विचारलं, "तुमच्या भाषेत काय म्हणतात, अशा माणसाला?"

"नेलं," मी सांगितलं. "किंवा उचललं."

"आणि सैन्यात गेला तर?"

"तर गेला म्हणतात. नेलं नाही म्हणत. हॉस्पिटलात मात्र नेतात."

"म्हणजे तुमच्याही शब्दात लपायला जागा आहे," ती म्हणाली. बस आली. चढताना तिने निरोप घेतला नाही.

पुढचे तीन दिवस मला प्राध्यापिकेच्या ईमेलची भीती होती. ईमेल आली ती फक्त गुरुवारची वेळ सांगणारी. 'पुन्हा कराल ना?' मी लगेच उत्तर दिलं नाही. नवरा म्हणाला, "कॅन्सल कर ना, कशाला डोक्याला ताप?" संध्याकाळी मी हो लिहून पाठवलं.

गुरुवारी म्हातारी आली नाही. मी सारखी तिसऱ्या रांगेकडे बघत होते. पडद्यावर शेजारणीने नवऱ्याबद्दल विचारलं तेव्हा मी माइकवर म्हटलं, "दे टुक हिम." आणि पुढे एक शब्द जोडला नाही. पुढे कुणीतरी कुजबुजलं, "टुक हिम व्हेअर?" तिसऱ्या रिळातली ती रांग येईपर्यंत तो प्रश्न माझ्या मानेवर बसून होता. खिडकी उघडली, बंद झाली. मी फक्त "असा कोणी नाही" एवढं सांगितलं आणि माइकपासून हात लांब ठेवला.

सिनेमा संपल्यावर एक विद्यार्थिनी टेबलापाशी आली. "त्याला कुठे नेलं ते मला कळलं," ती म्हणाली. "पण कधी कळलं ते आठवत नाहीये."

मी थँक्यू म्हटलं. मग तिसऱ्या रिळातली रविवारी माझी हुकलेली दोन वाक्यं या वेळी नीट ऐकू आली होती, ती विसरायच्या आत कागदावर उतरवून घेतली. मुलगी विचारते, "उद्या परत यायचं?" आणि आई म्हणते, "हो, उद्या लवकर निघू."