चष्मेवाल्या काकांच्या गाडीचा चोर

आमचे चष्मेवाले काका साठ वर्षं जुन्या इंग्रजी गाडीने रोज दुकानात जातात. चालत दहा मिनिटं लागतात, गाडीने पाऊण तास. पण ऐट महत्त्वाची. एका सकाळी गाडी चोरीला गेली. काकूंच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी समाधान दिसलं. काका मात्र धावत सुटले. चोर पुढच्याच वळणावर बॉनेट उघडून घामाघूम उभा होता. इतक्या वर्षांत ही गाडी हवीशी वाटलेला तो पहिलाच माणूस, त्यामुळे काकांना भरून आलं.

"इंजिन थंड असताना चोक अर्धाच ओढायचा," ते प्रेमाने म्हणाले आणि कार्बोरेटर समजावू लागले.

तासाभराने चोरच काकुळतीला आला. "काका, पोलिसांना बोलवा ना."

"बोलवायचं कशाला? मी सोडतो की गाडीने."

ठाण्यापर्यंत गाडी चोरानेच ढकलली.