शरभाच्या डब्यावरील दोन पानी अर्ज

अर्जदार: मी, भागवत, वय बावन्न, शिक्षण आठवी (नववीच्या वर्गात काही महिने बसलो होतो, पण ते कोणी ग्राह्य धरत नाही), धंदा राहाता येथे कचेरीबाहेर लिंबाखाली बसून लोकांचे अर्ज लिहिणे. घटनेचा दिवस: नाताळापूर्वीचा मंगळवार. घटनास्थळ: आमच्या गल्लीतील बेकरी. साक्षीदार: पत्नी सुमन, कन्या मनीषा, बेकरीचालक सायमनभाऊ व त्यांची पत्नी मार्थावहिनी. गैरअर्जदार: मीच.

हकीकत अशी की, माझी कन्या पॉलिमर क्ले नावाच्या मऊ, रंगीत, मातीसारख्या पदार्थापासून बोटभर उंचीची काल्पनिक जनावरे घडविते. या मातीस ऊन पुरत नाही आणि कुंभाराचा आवा सोसत नाही. मंद आचेच्या भट्टीत अर्धा तास ठेवली की ती टणक होते. आच वाढली की काळी पडते. पुण्याच्या एका खेळण्यांच्या कारखान्याने तिच्याकडे नमुना मागविला होता. तो पसंत पडला तर तिला घरबसल्या काम मिळणार होते. न पडल्यास मावशीने आणलेल्या स्थळास होकार द्यायचा, असे तिने आईला कबूल केले होते. स्थळ बरे होते, पण मनीषा त्याचा फोटो नेहमी पालथा ठेवीत असे.

नमुना म्हणून तिने शरभ घडविला. किल्ल्याच्या दरवाज्यावर दगडात कोरलेला असतो, तोच हा सिंहासारखा प्राणी. मनीषाने त्यास पंख दिले आणि सुईच्या टोकाने अंगभर खवले काढले. अकरा दिवस लागले. मी प्रथमदर्शनी त्यास मुंगूस म्हणालो. त्या दिवशी मला जेवण उशिरा मिळाले.

आमच्या घरी भट्टी नाही. मात्र नाताळ आला की ख्रिस्ती घरांतील बाया मैदा, तूप, साखर घेऊन सायमनभाऊंच्या बेकरीत जातात, तेथेच नानकटाई वळतात आणि ट्रेवर आपल्या नावाची चिठ्ठी ठेवतात. सायमनभाऊ ती भाजून देतात. (दिवाळीत आम्हीही हेच करतो.) मनीषाने त्यांना विचारून ठेवले होते. तिला खोके आणायला बाजारात जायचे होते, म्हणून तिने शरभाचा पत्र्याचा डबा व एक चिठ्ठी माझ्या हाती दिली. चिठ्ठीत मजकूर एवढाच: “मनीषा. सगळ्यात शेवटी, भट्टी निवल्यावर, अर्धा तास.”

“आप्पा, ही डब्यावर ठेवा. बाकी काही करू नका.”

“यात ‘प्रति’ कुठंय? विषय कुठंय?”

“सायमनकाकांना समजतं.”

“समजणं वेगळं आणि कागद पुरा असणं वेगळं.”

सुमन भाकरी थापता थापता म्हणाली, “जनावर भाजायचंय. त्याचा सातबारा न्हाई काढायचा.”

मनीषा बाजारात गेली आणि मी कागद ओढला. तीस वर्षांचा हात आहे. सात शब्दांवर थांबणे त्यास जमत नाही. वर ठळक अक्षरांत ‘प्रति, श्री. सायमनभाऊ, बेकरीचालक यांस’ लिहिले. मग विषय. मग शरभाचे वर्णन, खवल्यांसह. मग कन्येची चिकाटी. भट्टी निवण्याचा मुद्दा दुसऱ्या पानावर तिसऱ्या परिच्छेदात आला, आणि आमची नावे नियमाप्रमाणे सर्वांत खाली. तिची चिठ्ठी मी खिशात ठेवली, कारण एका प्रकरणात दोन अर्ज असू नयेत.

बेकरीत मोठी रांग होती. मी डबा देऊन पोच मागितली.

“भागवतराव, हात पिठाचे हायेत. काय लिवू?”

“नुसतं ‘मिळाला’ लिहा.”

त्यांनी लिहिले नाही. पिठाचा अंगठा उठवला. अंगठ्यास कायद्यात मान आहे, म्हणून मी समाधानाने घरी आलो.

दोन वाजता मनीषा डबा आणायला गेली, ती हात हलवत परतली.

“आप्पा, डबा तिथं नाही.”

“कसा नाही? माझ्याकडे पोच आहे.”

“मग पोच पाठवू का पुण्याला?”

ती चारच्या एसटीने निघणार होती आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्यात नमुना दाखविणार होती. आम्ही तिघेही बेकरीत गेलो. सायमनभाऊंनी शांतपणे खुलासा केला.

“आमच्याकडं चिठ्ठीवर जे नाव वर, त्याच्या घरी डबा. तुमच्या कागदावर वर माझंच नाव. मार्थाला वाटलं, भागवतरावांनी नाताळाची भेट धाडली. ती घेऊन गेली घरी.”

“आणि खालचा मजकूर?”

“खाली लई हुतं. नाताळ झाल्यावर निवांत वाचणार हुतो.”

“पण भाजलं का ते?” मनीषाने विचारले. 

“ते मार्थाला ठाव.”

मार्थावहिनींच्या घरी येशूजन्माचा गोठा मांडला होता. गवत, बाळ, मेंढरे, उंट घेऊन आलेले तीन राजे. आणि उंटाच्या शेजारी, पंख पसरून, आमचा शरभ. मनीषाने त्यास उचलून नखाने टिचकी मारली. टणक. रंगाला डाग नाही.

“गिऱ्हाइकाचं आदी भाजत्यात,” वहिनी म्हणाल्या, “घरचं शेवटाला, भट्टी निवल्यावर. हे मऊ लागलं, म्हून आमच्या बिस्किटांसंगं ठिवलं अर्धा तास.”

“म्हणजे माझ्या अर्जामुळेच...” मी सुरुवात केली. तिघीही माझ्याकडे पाहत राहिल्या. मी वाक्य मागे घेतले.

“न्या, पर गोठ्याला राखण लई चांगली हुती,” वहिनी हळहळल्या.

“काकू, तुम्हाला दुसरा करून देते,” मनीषा म्हणाली.

एसटी सुटताना मी खिडकीतून एक लखोटा पुढे केला. “नमुन्यासोबत जोड. तुझी सगळी पात्रता लिहिली आहे.”

“आप्पा, हात काढा. काच लावतेय.”

काम मिळाले. पहिलीच मागणी सहा शरभांची आली. स्थळास सुमनने तोंडी नकार कळविला. मी मसुदा तयार ठेवला होता, तो कोणी मागितला नाही. वहिनींचा शरभही झाला. तो भाजायला मनीषा स्वतः गेली आणि चिठ्ठी लिहिताना तिने मला दुसऱ्या खोलीत बसविले.

तेव्हापासून आमच्या घरात मला लिहिण्यास मनाई आहे. किराण्याची यादीसुद्धा सुमन सांगते आणि मनीषा लिहिते. मागच्या आठवड्यात मी गुपचूप एक यादी केली. तूरडाळीच्या आवश्यकतेचे कारण नमूद करीपर्यंत दुकान बंद झाले.

तरी मेहेरबान वाचकांस नम्र विनंती की, वरील हकीकतीचा सहानुभूतीपूर्वक विचार होऊन, निदान मिठाचा पुडा मागविण्याइतका लेखनाचा अधिकार मला परत मिळावा व तसे लेखी उत्तर सत्वर कळवावे. सदर अर्ज मी कचेरीबाहेर बसून लिहिला आहे. घरी कागद लपवून ठेवलेले आहेत.