लेथला चाकं

आमचं दोघांचं लेथ मशीन इतकं जड, की ते शेडमध्ये बसवलं तेव्हा गल्लीतल्या साऱ्या विहिरींचं पाणी वीतभर वर आलं. खोटं वाटत असेल तर माझा भागीदार वसंता साक्षीला होता. त्यानंच मागच्या महिन्यात मशीनला चाकं लावली. "झाडायला सोपं जाईल, दादा," म्हणाला. मीही खुळ्यासारखं ते शेडभर मिरवलं.

मग एके सकाळी टेम्पो आला. "दुरुस्तीला नेतोय, जरा धक्का द्या की!" वसंता म्हणाला. मी दिला. एरवी दिवसभर माझ्यावर कुरकुरणारं मशीन फळीवरून हूं की चूं न करता चढलं. ते परत आलं नाही, वसंताही नाही. आता झाडायला खरंच सोपं जातं. शेडमध्ये माझ्याशिवाय काही उरलंच नाही.

जड वस्तूंवर आपण डोळे मिटून विसंबतो. त्या मायेनं थांबल्यात की चाकं नाहीत म्हणून, हे कोण विचारतो?

आज वसंताच्या नव्या शेडच्या खिडकीतून डोकावलो. मशीन तिथंच होतं. चाकं काढलेली, आणि वसंता घामाघूम होऊन मशीनचे पाय बोल्टनं जमिनीला आवळत होता.