थुंकायचा पेला

बिस्किटांच्या कारखान्यात चव घेणारीला गिळायची मनाई असते. चावायचं, कागदावर गुण लिहायचे आणि घास पेल्यात थुंकायचा. पोट भरलं की जीभ खोटं बोलते, असं तिथे मानतात. तिथली एक बाई चौदा वर्षं नेमाने थुंकत आली. सगळे तिला ‘तराजू’ म्हणायचे, आणि ती मनातून सुखावायची.

पण दुसऱ्या बाळंतपणानंतर दर महिन्याला आठ-नऊ दिवस भरपेट जेवूनही तिच्या पोटात कावळे ओरडू लागले. पेला उचलेपर्यंत घास घशाखाली उतरलेला असे. दोनदा पकडली गेली. तिसऱ्यांदा सापडली तर नोकरी जाणार होती, आणि चौदा वर्षांत तिने दुसरं कामच शिकलं नव्हतं.

घरी सासूने खाऊचे डबे वरच्या फळीवर ठेवले. “पोट आहे का विहीर गं?” नवरा हसला. हसायला त्याचं काय जात होतं!

रिकाम्या पोटी जीभ खरी, हा कारखान्याचा धडा तिने इतका पाठ केला होता, की त्या दिवसांत ती उपाशीच कामावर जाऊ लागली. उपाशी पोटाने बिस्किटं चाखायची! आगीत तेलच ते.

शेवटी कारखान्यातल्या नर्सताईंपुढे ती रडली. “मी हावरट झालेय, ताई.”

“हावरट कसली? पाळीच्या आधी भूक चाळवणारं प्रोजेस्टेरॉन वाढलेलं असतं. भूक आवरून धरणारं इस्ट्रोजेन मग उतरत जातं. कुणाला जाणवत नाही, तुला फार जाणवतं. पोटभर खाऊन येत जा, पिशवीत पाव ठेवत जा. आणि तारखा लिहून ठेव.”

सहा महिने तिने कॅलेंडरवर खुणा केल्या. कुणाच्या नजरेस न पडता घास गिळल्याचे सगळे दिवस पाळीच्या आधीचेच निघाले. आपण निर्दोष आहोत या आनंदात ती कॅलेंडर घेऊन थेट साहेबांकडे गेली.

साहेबांनी ते शांतपणे पाहिलं. “म्हणजे महिन्यातले आठ दिवस तुमच्या जिभेचा भरवसा नाही, हे तुम्हीच लिहून आणलंत?”

“जिभेचा नाही साहेब, भुकेचा. माझे गुण कधी चुकले का, तेवढं सांगा.”

“आता ते कसं सांगणार, बाई? उद्यापासून येऊ नका.”

आपल्याच हाताने तिने आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला होता. फाटकाबाहेरच्या बाकावर ती मटकन बसली. खुणांचेच दिवस होते, पिशवीत नर्सताईंच्या सांगण्यावरून आणलेला पाव होता. तिने एक तुकडा तोडला, चावत राहिली. घास काही केल्या खाली उतरेना, आणि तिचा हात बाकावर पेला शोधत राहिला.